ट्रंकेतलं लुगडं आणि माळ्यावरचं पितळ रोजच्या वापरात आणताना

सोलापुरातल्या बहुतेक जुन्या घरांत एक लोखंडी ट्रंक असतेच. तळाशी इरकलचं एखादं लुगडं, दोन-चार खण, कुंकवाचा करंडा. माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली पितळेची पातेली. दिवाळीच्या साफसफाईत हे सगळं खाली येतं, दोन दिवस कौतुक होतं आणि पुन्हा वर जातं. पाच-सात वर्षांनी ट्रंक उघडावी तर लुगडं घडीवर चिरलेलं असतं. कापड काय, भांडं काय, हाताखाली असलं की टिकतं. कुठे विरलं, कुठे कल्हई गेली, हे वापरणाऱ्यालाच वेळेत दिसतं.

एकदम सगळं बदलायला जाऊ नका. पहिल्या महिन्यात अंगावरची एक वस्तू, स्वयंपाकघरातली एक वस्तू आणि न्हाण्यातली एक सवय, एवढंच घ्या. ते हातात बसलं की पुढचं. आणि प्रत्येक वेळी सोलापूरच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, बोअरचं पाणी जड असतं आणि नळाला पाणी रोज येत नाही. पुण्या-मुंबईच्या घरांत चालणारी कृती इथे जशीच्या तशी चालत नाही, ती याच तीन कारणांनी.

लुगडं आधी तपासा

इरकल साडी मूळची बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची, पण सोलापूरच्या बाजूला ती पिढ्यान् पिढ्या नेसली जाते. तिची खूण म्हणजे अंग वेगळं आणि पदर वेगळा. अंगाचा ताणा सुती, पदराचा ताणा रेशमी, आणि दोन्ही ताण्यांचे फास एकमेकांत अडकवून पुढे विणत नेलेलं. या जोडाला टोप-तेणी म्हणतात. जुनी इरकल पहिल्यांदा विरते ती बहुधा या जोडाजवळच, कारण दोन वेगळ्या सुतांचा ताण तिथे एकत्र येतो.

तपासायचं असं. लुगडं खिडकीपाशी उजेडावर धरा. घडीच्या रेषांवर उजेड आरपार दिसला तर तिथलं सूत झिजलंय. मग दोन्ही अंगठे एकमेकांजवळ ठेवून कापड हलकेच ताणा, एकदा उभं, एकदा आडवं. सुती अंग सहसा दम धरतं. पदराचं रेशीम मात्र एवढ्या ताणानेच 'चर्र' करत फाटलं, तर ते लुगडं नेसू नका. रेशीम वाळून ठिसूळ झालेलं असतं आणि ठिसूळ रेशमाला रफू धरत नाही, टाका घातला की टाक्याशेजारी नवीन चीर जाते. असं लुगडं गोधडीला ठेवा. पदर ताणाने फाटत नाही पण कमजोर वाटतो आणि अंग चांगलं आहे असं असेल, तर पदराच्या मागे त्याच रंगाचं मलमलचं अस्तर लावून घ्या आणि पदर खोचायचा नाही, मोकळा सोडायचा.

दुसरी तपासणी रंगाची. पांढरं सुती फडकं ओलं करून पिळा आणि लाल पदराच्या आतल्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर गुलाबी छटा आली तर रंग सैल आहे. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगतात. त्यावर विसंबू नका. सैल रंग मिठाने थांबत नाही. तो आवरायचा तो धुण्याच्या पद्धतीने.

धुणं

आठ-दहा रिठे फोडून बिया काढा, टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी कुस्करून गाळा आणि ते पाणी बादलीभर गार पाण्यात मिसळा. यासाठी नळाचं पाणी आलेला दिवस धरा. बोअरच्या पाण्यात साबणाची साय तयार होते आणि ती काळ्या-निळ्या कापडावर पांढरट चट्टे सोडते. रिठ्याचा फेस तशी साय धरत नाही, म्हणून जड पाण्यातही रिठा निभावून नेतो, पण शेवटची खळबळ तरी हलक्या पाण्याचीच हवी.

लुगडं भिजत घालायचं नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. पाण्यात बुडवा, तीन-चार मिनिटं वरखाली हलवा, काढा, दोन पाण्यांतून खळबळा. घासायचं नाही, पिळायचं नाही, धुण्याच्या दगडावर आपटायचं तर नाहीच. मोठ्या टॉवेलात गुंडाळून दाबलं की पाणी निघतं. वाळत घालताना पदर खालच्या बाजूला येऊ द्या. पदर वर राहिला तर त्यातून निथळणारं लाल पाणी सगळ्या अंगावरून ओघळतं आणि तो डाग पुन्हा निघत नाही. जागा सावलीची आणि वाऱ्याची. इथल्या कोरड्या हवेत मार्च-एप्रिलमध्ये लुगडं दीड-दोन तासांत वाळतं, त्यासाठी उन्हाची गरज नाही.

सुती लुगड्याला खळ हवी असेल तर भाताची पेज गाळून घ्या. एक भांडं पेजेला तीन भांडी पाणी. यापेक्षा दाट झाली तर कापड पापडासारखं होतं आणि निऱ्या घडीवर मोडतात. खळ दिलेलं लुगडं नेसायचं, ठेवायचं नाही. ठेवणीतल्या कापडात खळ राहिली की कसर, म्हणजे कापड कुरतडणारी कीड, लागते. तिला कापडापेक्षा खळीची चटक असते. म्हणून पावसाळ्याआधी ट्रंकेत जाणारं प्रत्येक कापड खळ काढून, कडकडीत वाळवून, मलमलच्या फडक्यात बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही, आतला दमटपणा आतच राहतो. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. सुकवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. दर तीन महिन्यांनी घडी बदला, म्हणजे एकाच रेषेवर सूत मोडत नाही.

नेसताना

नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. नेसायला शिकायचं ते घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मावशींकडून, समोर उभं राहून. कागदावरून हात बसत नाही. पण क्रम माहीत असला की शिकणं सोपं जातं.

आत घट्ट, गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घाला; परकर नको, काष्ट्यात त्याचा बोळा होतो. लुगडं पाठीमागून कमरेभोवती घ्या. पदराचं टोक उजव्या हाताला, बिनपदराचं डाव्या हाताला. डावीकडे सुमारे तीन मीटर ठेवा, बाकी पाच मीटर पदराच्या बाजूला. वरच्या दोन कडा बेंबीवर आणून घट्ट गाठ मारा. सगळं नेसणं या गाठीवर तोललेलं असतं. गाठ सैल राहिली तर पुढचं कितीही नेटकं केलं तरी तासाभरात काष्टा उतरतो. गाठ मारताना श्वास नेहमीसारखा ठेवा. पोट आत ओढून मारलेली गाठ जेवताना काचते.

आता पदराची बाजू पुढून डावीकडे, तिथून पाठीमागून उजव्या काखेखाली आणून डाव्या खांद्यावर टाका. पदर गुडघ्यापर्यंत उतरला की उरलेल्या कापडाच्या पोटावर निऱ्या घालून खोचा. शेवटी डावीकडच्या तीन मीटरच्या लांबट चुण्या घाला, पायांच्या मधून मागे घ्या आणि काठ वर येईल असा काष्टा खोचा. काठ आत गेला तर मागून नुसती कापडाची गुंडाळी दिसते. काष्टा खोचल्यावर दोनदा खाली बसून उठा. ताण आला तर आत्ताच सैल करा, रस्त्यात नाही.

रोजच्या धावपळीला, स्कूटरवर, ऑफिसात सहावारीच बरी. नऊवारी सणाला, हळदी-कुंकवाला. तिथेही एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: आजीच्या लुगड्याला कात्री लावून शिवलेली नऊवारी करून घेऊ नका. शिवलेली हवी तर नवीन कापडाची घ्या. एकदा कापलेलं सव्वाआठ मीटरचं विणकाम परत जुळत नाही, आणि पाच वर्षांनी माप बदललं की ते कपाटात पडून राहतं. न कापलेलं लुगडं आजीला, सुनेला, नातीला, तिघींनाही होतं.

खणाचं सोपं आहे. जुन्या खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी असतो, तीस-बत्तीस इंचांच्या आसपास. पूर्वीच्या चोळीला तो पुरायचा. आजच्या अस्तराच्या ब्लाऊजला, बाही कोपरापर्यंत हवी असेल तर, सव्वा मीटर घ्या. शिवायला टाकण्याआधी खण आणि अस्तर दोन्ही पाण्यातून काढा. नुसता खण काढला तर पहिल्या धुण्याला अस्तर आटतं आणि ब्लाऊज काखेत ओढतो. चाटी गल्लीत खण घ्यायला गेलात तर काठ दुकानाबाहेर उजेडात आणून बघा, ट्यूबलाइटखाली जांभळा आणि कुसुंबी सारखेच दिसतात.

बाराबंदी

पुरुषांच्या जुन्या कपड्यांत सोलापूरसारखं भाग्य कमी गावांना आहे. संक्रांतीच्या सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज धरणारे आणि त्यांच्यासोबत चालणारे हजारो लोक आजही पांढरी बाराबंदी घालतात. त्यामुळे ती शिवणारे हात इथे अजून आहेत. बटण नाही, कॉलर नाही, एकावर एक येणारे दोन पल्ले आणि बंद. उन्हाळ्यात शर्टापेक्षा ही कितीतरी सुखाची, कारण अंगाला चिकटत नाही आणि काखेत मोकळी असते.

रोज घालायची तर यात्रेची बाराबंदी वापरू नका, ती देवाच्या कामाला राहू द्या. वेगळी शिवा. छत्तीस इंच पन्ह्याचं सुती कापड अडीच मीटर, हरक किंवा जाड मलमल. रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून मग शिवायला टाका. न भिजवलेलं सुती कापड पहिल्या दोन धुण्यांत आटतं आणि पल्ला पुरेनासा होतो. बंद त्याच कापडाचे, दुहेरी शिवलेले, नऊ-दहा इंच लांब. नाडीचे बंद लावले तर ते निसटतात. डिसेंबरात टेलरकडे जाऊ नका, तेव्हा यात्रेची गर्दी असते. जूनमध्ये गेलात तर नीट मापं घेतली जातील. खाली धोतरच हवं असं नाही, साधी सुती पँट शोभते. जीन्सवर मात्र बाराबंदीची लांबी कमरेखाली चार बोटं जास्त ठेवा, नाहीतर बसल्यावर पाठ उघडी पडते.

कुंकू, काजळ, न्हाणं

टिकलीने कपाळावर पांढरा चट्टा पडला की पुष्कळ जणी कुंकवाकडे वळतात आणि बाजारातलं लालभडक कुंकू लावून पुन्हा खाज ओढवून घेतात. हळद आणि चुन्याचं कुंकू तितकं लाल नसतं, विटकरीकडे झुकतं. ओळखायचं असेल तर चिमूटभर कुंकू बशीत घेऊन त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. डोळ्यांदेखत ते पिवळं व्हायला लागतं: चुन्यामुळे लाल झालेली हळद आंबटाने परत मूळ रंगावर येते. लाल रंग घातलेलं कुंकू लालच राहतं. टाकणखार आणि लिंबू घालून केलेल्या कुंकवाला मात्र ही परीक्षा लागू होत नाही, तेही हळदीचंच असतं पण पिवळं पडत नाही. म्हणून विकणाऱ्याला कशात केलंय ते आधी विचारा. कोणतंही कुंकू पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा.

कोरडं कुंकू कपाळावर टिकत नाही, त्याखाली मेण लागतं. मधमाशीचं मेण एक चमचा, खोबरेल अर्धा चमचा, वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवा आणि डबीत ओता. करंगळीने मेणाचा बारीक ठिपका, त्यावर कुंकू, वरचं फुंकरीने उडवा. खोबरेल जास्त पडलं तर मे महिन्यात दुपारी कुंकू नाकावर उतरतं. तेव्हा उन्हाळ्यापुरतं तेल पाव चमच्यावर आणा.

काजळ करणं अर्ध्या तासाचं काम. पणतीत एरंडेल दोन चमचे, कापसाची वात बोटभर. पणतीच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या वाट्या पालथ्या ठेवा, त्यावर तांब्याची किंवा पितळेची ताटली पालथी. ज्योतीचं टोक ताटलीला जेमतेम टेकलं पाहिजे. लांब राहिली तर काजळी धरत नाही, फार जवळ आली तर ज्योत गुदमरून विझते. पंखा बंद. वीस-पंचवीस मिनिटांनी दिवा शांत करा, ताटली पूर्ण निवू द्या, मग सुरीच्या बोथट कडेने काजळी खरवडा. मखमलीसारखी, बोटावर घेतली तर रेषांत शिरणारी. त्यात साजूक तुपाचे तीन-चार थेंब टाकून घोटा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तूप डबीतच पातळ होतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये हरभऱ्याएवढं मेण तुपात वितळवून मग घोटा.

हे काजळ पापणीच्या बाहेरून लावा. डोळ्याच्या आत नको, आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर अजिबात नको, डॉक्टर त्याला स्पष्ट नाही म्हणतात. डबी एकीचीच असावी, बोट धुतलेलं असावं.

केसांसाठी शिकेकाई. पाव किलो शिकेकाई, शंभर ग्रॅम बिनबियांचा रिठा, पन्नास ग्रॅम आवळकाठी, पंचवीस-पंचवीस ग्रॅम मेथ्या आणि नागरमोथा. दोन कडक उन्हं देऊन दळून आणा. दळणाच्या गिरणीत आधी विचारा, कारण शिकेकाईच्या भुकटीने शिंका येतात आणि तिच्यामागून येणारी ज्वारी बिघडते. सगळ्या गिरण्या घेत नाहीत. घरी मिक्सरमध्ये करायचं तर नाका-तोंडाला फडकं बांधा आणि झाकण लगेच उघडू नका.

न्हाण्याच्या आदल्या रात्री दोन मोठे चमचे भुकटी दोन पेले पाण्यात भिजवा, सकाळी पाच मिनिटं उकळा, कोमट झाल्यावर पातळ फडक्याने गाळा. गाळायचा आळस केला तर भुसा केसांत अडकतो आणि 'शिकेकाईने केस राठ होतात' असा बोभाटा होतो. फेस शॅम्पूसारखा येणार नाही. फेसाची वाट बघत दुप्पट ओतू नका. तेल चोपडलेलं असेल तर दोनदा लावा. डोळे मिटलेले, डोकं मागे, कारण डोळ्यात गेली तर जळजळ बराच वेळ राहते. पहिले दोन-तीन आठवडे केस थोडे चिकट वाटतील, नंतर बसतात.

पितळ आणि कल्हई

माळ्यावरचं पातेलं खाली आलं की आधी आत बघा. आतली पांढरी कल्हई अखंड असेल तर वापरायला हरकत नाही. तळाशी पिवळं पितळ उघडं दिसत असेल तर त्यात वरण-आमटी करू नका. चिंच, ताक, टोमॅटो, लिंबू यांनी पितळ-तांबं अन्नात उतरतं, पदार्थ कळकतो, हिरवट होतो, जीभ तुरट होते आणि पोट बिघडतं. नुसता भात किंवा पाणी तापवणं एकवेळ चालेल.

कल्हई समोर उभं राहून करून घ्या. भांडं भट्टीवर तापतं, त्यावर नवसागराची पूड पडते, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने झरझर सगळीकडे पसरवली जाते आणि भांडं पाण्यात बुचकळलं जातं. बोळा फिरल्याबरोबर काळवंडलेला तळ आरशासारखा होतो, तो क्षण मुलांना दाखवण्यासारखा आहे. पण लक्ष ठेवायचं ते कांडीवर. कथील शुद्ध हवं. कांडी पांढऱ्या कागदावर ओढून बघा: शिसं मिसळलेलं असेल तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. रेघ उमटली तर नम्रपणे नको म्हणा आणि पातेलं परत आणा. शिसं पोटात जाण्यापेक्षा स्टीलचं पातेलं शंभर पटींनी बरं.

कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही आणि त्यात फोडणी तडतडवत बसायचं नाही. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओता. आत लाकडी डाव, घासायला नारळाची शेंडी किंवा मऊ घासणी. तारेच्या घासणीने महिन्याभरात कल्हई जाते. बाहेरून चिंच-मीठ लावून चकचकीत करा, आत चिंच नको. रोजच्या वापरात वर्षातून एक-दोनदा कल्हई लागते. हा खर्च आधी धरा आणि मगच ठरवा किती भांडी खाली काढायची. एक पातेलं आणि एक पाण्याचा तांब्या पुष्कळ झालं. तांब्याच्या तांब्यात पाणीच. सरबत, ताक नाही.

जुनी भांडी विकत घ्यायची तर मोडीच्या दुकानात वजनावर मिळतात. तळ उलटा करून बोटाने वाजवा. घणघणीत नाद आला तर भांडं अखंड, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे किंवा डाग देऊन सांधलेलं आहे. पण विकत घेण्याआधी आपल्याच घरातून बोहारणीच्या गाठोड्यात काय काय निघून जातंय तेही बघा.

खलबत्ता

एकच जुनी वस्तू घ्यायची झाली तर खलबत्ता घ्या. सोलापूरची शेंगा चटणी त्याशिवाय होत नाही. मिक्सरचं पातं दाण्याचा आधी भुगा करतं आणि मग एकदम लगदा. खलबत्त्यात दाणा चेपला जातो, त्यातलं तेल हळूहळू सुटतं आणि तिखट-लसूण त्या तेलात मुरतात.

नवा लोखंडी खलबत्ता धुऊन, पुसून, आत-बाहेर गोडेतेलाचा हात फिरवून एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी मूठभर जाडे तांदूळ कुटा आणि टाकून द्या. पीठ करडं येतंय तोवर हे करत राहा, सहसा तीन-चार वेळा पुरतं. दगडी असेल तर तेल नको, तांदूळच कुटा. जुना पाटा गुळगुळीत झाला असेल तर त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून खरखरीत करून घ्यावा लागतो, आणि टाकी लावल्यावरचं पहिलं वाटण, त्यात खडे-कच येते म्हणून, फेकायचं असतं.

चटणीला पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा. आच वाढवली तर साल करपते आणि दाणा आत कच्चा राहतो. कच्च्या दाण्याला तेल सुटत नाही. निवल्यावर साल पाखडा. आधी दहा-बारा लसूण पाकळ्या, एक चमचा जिरे, मीठ आणि दोन चमचे लाल तिखट एकत्र कुटा. मग मूठ-मूठ दाणे घाला. एकदम ओतले तर ते उडतात आणि खालचे तसेच राहतात. चटणी काळपट-तांबूस दिसायला लागली आणि मुठीत दाबल्यावर मुटका वळला की थांबा. कोरड्या बरणीत भरा. कडक भाकरीबरोबर हीच, वर दही.

लोखंडी खलबत्ता धुतल्याबरोबर पुसून गॅसजवळ ठेवा. ओला पालथा घातला की सकाळी तळाला गंज.

चादर आणि गोधडी

१८७७ साली इथे सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून पूर्व भागातल्या मागांपर्यंत सोलापूरने देशाला कापड पुरवलं, आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही आहे. तरी 'सोलापुरी' म्हणून मिळणारी प्रत्येक चादर सुती नसते. काठाचा एक धागा काढून पेटवा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होतं, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. खऱ्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, रंग फक्त उलटे होतात. म्हणून ती सतरंजीसारखी, पडद्यासारखी, दिवाणावर, कुठेही घालता येते. पहिले दोन-तीन वेळा वेगळी धुवा.

आणि जे लुगडं नेसण्यापलीकडे गेलंय त्याची गोधडी. इथे एक सुंदर हिशोब आहे. सव्वाआठ मीटरचं लुगडं चार पदरी दुमडलं की सुमारे दोन मीटर लांब आणि पन्ह्याएवढी रुंद, म्हणजे एका माणसाची हलकी गोधडी तयार. न कापता, नागमोडी घड्या घालत जायचं. विरलेला भाग आतल्या दोन थरांत जाऊ द्या, चांगला भाग आणि काठ बाहेर. थंडीसाठी हवी तर मध्ये जुनी सुती पातळं किंवा धोतर घाला, एकूण सहा थरांपर्यंत. सातव्या थराला सुई जात नाही, बोटं सोलतात. मध्ये पॉलिस्टरची साडी घालू नका: तिच्यातून घाम जात नाही, आणि सुती थर आटल्यावर ती आत फुगे धरते.

फरशी पुसून कोरडी करा, थर पसरा, हाताने मध्याकडून कडेकडे सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालून सगळं बांधून घ्या. कच्चे टाके टाळले तर शिवता शिवता वरचा थर पुढे सरकतो आणि शेवटच्या कोपऱ्यात बोळा जमतो. मग जाड सुई, दुहेरी सुती दोरा, धावदोरा. एका कोपऱ्यापासून कडेने निघा आणि चारही बाजू फिरून बोटभर आत या, पुन्हा फेरी. असं चौकोनात चौकोन करत मध्याकडे जायचं. टाका तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता. रोज संध्याकाळी तासभर बसलात तर महिना-दीड महिना लागतो.

झालेली गोधडी धुताना ओली फार जड होते. एकाच दोरीवर टाकली तर मधले टाके तुटतात. दोन समांतर दोऱ्या बांधून त्यावर आडवी पसरा, आणि दुपारी एकदा उलटा.